रुग्णाच्या वतीने डॉक्टरांशी बोलताना

॥ श्री ॥

इंदूर येथील रुग्णालयांत देवास, धार, खरगोन, बऱ्हाणपूर इत्यादी ठिकाणांहून अनेक मराठी कुटुंबे उपचारार्थ येतात. दर्शनास आलेले नातेवाईक ‘डॉक्टरांना नेमके काय विचारावे?’ असे आम्हांस विचारतात. त्यांच्या उपयोगासाठी पुढील माहिती देत आहोत.

१. बोलणारा एक असावा
तीन नातेवाइकांनी निरनिराळ्या वेळी विचारले, तर घरात तीन निरनिराळी उत्तरे येतात व संशय वाढतो. एकाने बोलावे व तारीखवार वही ठेवावी. तीत चालू औषधे, त्यांची मात्रा आणि पूर्वी ज्या औषधाने त्रास झाला त्याचे नाव असावे. काढे व भस्मेही लपवू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी ते अवश्य सांगावे.

२. दुखणे जसेच्या तसे सांगावे
आपल्या आजी ‘अन्नावर वासना नाही’ म्हणतात. हिंदीत त्या शब्दाचा अर्थ अगदीच निराळा होतो. तेथे ‘भूख नहीं लगती’ असेच सांगावे. कळ, ठणका, चमक, आग ही निरनिराळी दुखणी आहेत. सर्वांना ‘दर्द’ म्हटल्यास निदानास उपयोगी पडणारी खूण हरवते. वडीलधाऱ्यांना डॉक्टरांसमोर ‘बरे आहे’ म्हणण्याची सवय असते. रात्र ज्याने उशाशी काढली, त्याने खरे सांगावे. मात्र रुग्ण बोलत असताना मध्ये बोलू नये.

३. उपवास, तीर्थ व प्रसाद
मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्यावाचून एकादशी वा चतुर्थी करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशीपोटी राहण्यास सांगितले असता पंचामृतही देऊ नये. भूल दिल्यावर पोटातील दूध वा अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. प्रसाद जपून ठेवावा, देव रागावत नाही.

४. संमती
सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की, शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घ्यावी लागते. त्या प्रकरणी आईने दिलेली संमती ग्राह्य धरली गेली नाही. सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: हा उपचार कशासाठी, धोका कोणता, दुसरा मार्ग आहे काय, आणि काहीच न केल्यास काय होईल?

५. कागदपत्रे
वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने वा अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्यावयाच्या असतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. तसे नम्रपणे सांगून कागद मागावेत.

६. रुग्णापासून लपवावे काय?
‘त्यांना काही सांगू नका’ असे नातेवाईक प्रेमापोटी म्हणतात. परंतु घरातील कुजबुज रुग्णास कळतेच, आणि मग त्याला आपले भय एकट्याने सोसावे लागते. काही जणांस इच्छापत्र करावयाचे असते, काहींना दूरच्या लेकीस भेटावयाचे असते. म्हणून प्रथम रुग्णासच विचारावे, ‘तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?’ त्याचे उत्तर डॉक्टरांना कळवावे व त्याप्रमाणेच वागावे.

डॉक्टरांशी भांडून रुग्णाचे हित साधत नाही आणि गप्प राहूनही साधत नाही. विचारावे, ऐकावे, लिहून ठेवावे. सर्व रुग्णांस आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.