थोरपण कोणी ओळखायचे?



गेल्या श्रावणात आपल्या मंडळाच्या बैठकीत एक वाद निघाला होता. माणूस थोर आहे की नाही हे त्याच्या काळच्या लोकांना कळत नाही, ते पुढच्या पिढ्यांनीच ठरवायचे, असे एकीने ठासून सांगितले आणि आपण बहुतेकींनी माना डोलावल्या. घरी आल्यावर मात्र मला ते पटेना. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण वाचनाची हौस चुलीपुढेही सुटली नाही, तिच्या जोरावर हे चार शब्द लिहीत आहे.

लांब कशाला जा? भीमेच्या काठचे वढू बुद्रुक आपल्याच शिरूर तालुक्यातले. तेथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. फाल्गुन अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, पुण्यतिथीला तेथे माणसांची रीघ लागते. (सण तोंडावर आलेला, त्यामुळे आपल्या बायकांना काही जायला होत नाही, हा भाग वेगळा.) आज त्या समाधीपुढे लहान पोरही हात जोडते. पण माझी आजी? कोणाचा मुलगा वाया गेला की ती "सूर्यापोटी शनैश्चर" म्हणायची आणि दाखला द्यायची तो संभाजीराजांचा!

आजीला हे कोणी शिकवले? पुढच्या पिढ्यांनीच की! महाराजांची हत्या झाली ११ मार्च १६८९ ला. त्यांना व्यसनी नि उतावळे ठरवणारी मल्हार रामराव चिटणीसांची बखर लिहिली गेली ती त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. ह्या बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी ह्यांना संभाजीराजांनीच देहान्त शासन दिले होते. घरातले दुःख चार पिढ्या गेल्या तरी विझत नाही, हे आपण भाऊबंदकीत पाहतोच. पुढे त्याच बखरीवरून नाटके झाली. गडकऱ्यांचे 'राजसंन्यास' अपुरे राहिले, तरी त्यातला संभाजी लोकांच्या मनात पुरता बसला.

आता त्यांच्या काळच्या लोकांनी काय पाहिले ते बघा. १६८१ साली राज्याभिषेक झाला तेव्हा राजांचे वय तेवीस. औरंगजेब सारी फौज घेऊन दक्षिणेत उतरलेला, तिकडे जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्यात पोर्तुगीज, आणि घरात कट. तरी आठ वर्षे राज्य राखले. नाशिककडचा रामशेज किल्ला मोगलांना वर्षानुवर्षे दाद देत नव्हता. राजे एकतिसाव्या वर्षी मारले गेले, तेव्हा बादशहाला वाटले असेल की आता मराठे गार पडले. पण ज्यांनी राजांना डोळ्यांनी पाहिले होते त्यांनी हत्यार खाली ठेवले नाही. १६८९ ते १७०७, बादशहा नगरजवळ मरेपर्यंत अठरा वर्षे ते लढत राहिले. थोरपण ओळखण्याची ह्याहून मोठी पावती कोणती?

राजांचे सगळेच बरोबर होते, असे मी म्हणत नाही. १६७८ साली ते वडिलांना सोडून दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभराने परतले. ते झाकून काय उपयोग? परंतु त्या एका वर्षाने सारा जन्म मोजला गेला.

पुढे वा. सी. बेंद्रे ह्यांनी वर्षानुवर्षे जुनी कागदपत्रे धुंडाळून १९६० साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर कमल गोखले ह्या बाईंनी 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ १९७१ मध्ये लिहिला. एका बाईने हे काम केले हे वाचून मला फार बरे वाटले. ह्या दोघांनी न्याय दिला खरा, पण तो कशाच्या आधारावर? त्याच काळातल्या माणसांनी लिहून ठेवलेल्या कागदांच्या. ते दप्तर वाळवीने खाल्ले असते, तर आपण अजून आजीचीच म्हण घोकत बसलो असतो.

आणि येसूबाई? संभाजीराजांनी त्यांना 'श्री सखी राज्ञी जयति' असा शिक्का दिला होता. म्हणजे त्यांची योग्यता नवऱ्याला त्या काळीच कळली होती. रायगडाला वेढा पडला तेव्हा दीर राजाराम महाराजांना त्यांनी गडाबाहेर पाठवले आणि आपण लहानग्या शाहूला घेऊन मागे राहिल्या. गड पडला, मायलेकरे कैदेत गेली. शाहू १७०७ मध्ये सुटले, येसूबाई मात्र १७१९ मध्ये परत आल्या. तीस वर्षे! पोटच्या पोराचे नव्हे, दिराचे राज्य आधी वाचवायचे, हा निर्णय घेताना त्या माउलीला काय झाले असेल, हे आपल्यातल्या कोणत्या सुनेला सांगायला हवे? सव्वातीनशे वर्षे झाली, तरी आपल्या मंडळाच्या भिंतीवर त्यांची तसबीर नाही.

येत्या वर्षी ती लावावी आणि फाल्गुन अमावास्येला सगळ्या जणींनी मिळून वढूला जावे, असे मी सुचवते. पाडव्याच्या पुरणाची डाळ तेवढी दोन दिवस आधी निवडून ठेवावी लागेल.