जयसिंगपूर परिसरातील ट्रॅक्टर बाजारपेठ

जयसिंगपूर परिसरातील ट्रॅक्टर बाजारपेठ म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर शहर आणि लगतचा ऊसपट्टा येथील नव्या व जुन्या ट्रॅक्टरांची विक्री, त्यासाठीचा कर्जपुरवठा आणि दुरुस्ती यांची व्यवस्था होय. देशातील ट्रॅक्टरविक्रीचे चढउतार सामान्यतः मोसमी पावसाशी जोडले जातात. कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या नद्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या शिरोळ तालुक्यात मात्र पावसाच्या तुटीपेक्षा उसाचा दर, ऊसबिल हाती पडण्याची वेळ आणि महापूर यांचा प्रभाव अधिक असतो.

पार्श्वभूमी

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले, आखीव रस्त्यांचे व्यापारी शहर आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग आणि सांगली–कोल्हापूर रस्ता यांवरील स्थानामुळे ते शिरोळ तालुक्याची मुख्य बाजारपेठ बनले. शिरोळचा दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना, टाकळीवाडीचा गुरुदत्त शुगर्स, तसेच हातकणंगले तालुक्यातील हुपरीचा जवाहर व नरंदे येथील शरद हे साखर कारखाने याच परिसरात आहेत. ट्रॅक्टर, ट्रॉली, अवजारे आणि सुटे भाग यांच्या मागणीचा मोठा भाग या कारखान्यांच्या गाळप हंगामाशी निगडित आहे.

भारतात ट्रॅक्टरचे देशी उत्पादन आयशर कंपनीने १९५९ मध्ये सुरू केले. १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही महिंद्रा समूहाची कंपनी स्थापन झाली. पुढील दोन दशके टंचाईची होती. १९७१ च्या ट्रॅक्टर वितरण व विक्री नियंत्रण आदेशाच्या काळात ग्राहकाला विक्रेत्याकडे नाव नोंदवून क्रमाची वाट पाहावी लागे. विक्रेत्याला ग्राहक शोधावा लागत नव्हता; त्याला माल मिळवावा लागत होता. त्या काळी ट्रॅक्टरसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मुख्यत्वे भूविकास बँकांकडून, जमीन तारण ठेवून मिळत असे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी उद्योगावरील परवानापद्धती शिथिल झाली, कंपन्यांची संख्या वाढली आणि हे नाते उलटले. आज माल मुबलक आहे आणि तो विकला जाईपर्यंतच्या व्याजाचा भार विक्रेत्यावर असतो.

हंगाम आणि मागणी

इतरत्र असते तशी येथेही गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा या मुहूर्तांना ट्रॅक्टर घरी आणण्याची प्रथा आहे. त्यांपैकी दसरा आणि दिवाळीला केवळ धार्मिक महत्त्व नाही. त्यांच्यामागोमाग गाळप हंगाम सुरू होतो आणि ऊसवाहतुकीसाठी घेतलेला ट्रॅक्टर त्याआधी दारात असावा लागतो.

मागणी स्थूलमानाने दोन प्रकारची आहे. सरी सोडणे, भरणी, फवारणी अशा आंतरमशागतीसाठी ३० अश्वशक्तीपेक्षा कमी क्षमतेचे लहान ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर घेतले जातात. लहान होत चाललेली धारणक्षेत्रे आणि बैलजोडी सांभाळण्याचा खर्च हे त्यामागचे कारण आहे. ऊसवाहतुकीसाठी मात्र ४५ ते ५५ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठे ट्रॅक्टर लागतात, कारण त्यांना दोन भरलेल्या ट्रॉल्या कच्च्या पाणंदीतून बाहेर काढाव्या लागतात. ट्रॉली कंपनीकडून येत नाही, स्थानिक कारखान्यांत बांधून घेतली जाते आणि तिची नोंदणीही स्वतंत्र असते. त्यामुळे ट्रॅक्टरची विक्री थंडावली की लोहारकाम, वेल्डिंग आणि टायर यांचा धंदाही मंदावतो. बैलगाड्यांसारख्या लहान गाड्या एकामागे एक जोडून ट्रॅक्टरने ओढण्याची ‘अंगद’ गाडीही या भागात रूढ आहे.

ऊसदर आणि विक्री

ऊसबिलातून विकास सेवा संस्थेचे पीककर्ज आधी वळते होते. उरलेल्या रकमेतून शेतकरी ट्रॅक्टरसाठी स्वतःचा हिस्सा भरतो. म्हणून बिल किती मिळाले याइतकेच ते एकरकमी मिळाले की तुकड्यांत, याला महत्त्व असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यांवर बंधनकारक आहे. २००९–१० च्या हंगामापासून किमान वैधानिक दराऐवजी रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) लागू झाला. २०२२–२३ मध्ये १०.२५ टक्के उताऱ्यास प्रतिटन ३,०५० रुपये असलेला हा दर २०२५–२६ साठी ३,५५० रुपये ठरला. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा राज्यात सर्वाधिक असल्याने येथे प्रत्यक्ष देय दर पायाभूत दरापेक्षा जास्त येतो. मात्र त्यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्यास मुभा दिली होती. माजी खासदार राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा निर्णय रद्द केला. शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद दरवर्षी हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरात भरते आणि तेथे त्या वर्षीच्या दराची मागणी जाहीर होते. मागणी मान्य होईपर्यंत तोडी न देण्याचे आवाहन झाल्यास गाळप लांबते. २०२३ मध्ये आधीच्या हंगामातील उसाच्या वाढीव रकमेसाठीचे आंदोलन नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालले. असे आंदोलन यशस्वी झाल्यास पुढे शेतकऱ्याची खरेदीक्षमता वाढते. पण ते सुरू असताना नव्याने घेतलेला ट्रॅक्टर उभाच राहतो आणि हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही. शेतकरी आणि वाहतूकदार अनेक घरांत एकच असल्याने हा ताण घरातल्या घरात सोसावा लागतो.

वाहतूकदाराचे दुहेरी कर्ज

ऊसवाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेणाऱ्याला केवळ वाहनाचे कर्ज पुरत नाही. कारखान्याशी तोडणी-वाहतूक करार करून त्याने मजुरांची टोळी आणायची असते. टोळ्या मुख्यतः बीड, अहिल्यानगर, सोलापूर आणि विजयपूर या जिल्ह्यांतून येतात. मुकादमाला उन्हाळ्यापासूनच उचल द्यावी लागते. ती रक्कम बहुधा कारखान्याच्या हमीवर, पण वाहतूकदाराच्या नावे काढलेल्या कर्जातून येते. उचल घेऊन टोळी न आणण्याचे किंवा हंगाम अर्ध्यावर सोडून जाण्याचे प्रकार कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत वारंवार घडले आहेत व त्यांबाबत फौजदारी तक्रारीही दाखल झाल्या आहेत. तसे झाले की ट्रॅक्टरला काम उरत नाही आणि दोन्ही कर्जे एकाच वेळी थकतात. दुसरीकडे, टोळीतील कुटुंबे स्वतःही उचलीच्या ओझ्याखाली असतात. फसवणुकीच्या चर्चेत ही बाजू सहसा मागे पडते.

थकीत हप्त्यांसाठी वित्तसंस्थांनी ओढून नेलेली वाहने जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात येतात. तेथे किंमत ठरवताना इंजिनाचे चाललेले तास आणि टायर यांच्याइतकीच कागदपत्रे पाहिली जातात. नोंदणीपुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरलेला नसेल तर वाहन नावावर होत नाही, त्यामुळे वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला निर्णायक ठरतो. थकबाकी वाढलेल्या वर्षी जुना माल स्वस्त होतो आणि त्याचा फटका नव्या विक्रीलाही बसतो.

विक्रेत्याची जोखीम

अधिकृत विक्रेता कंपनीकडून माल बँकेच्या कर्जमर्यादेवर उचलतो. कंपनीच्या आकडेवारीत ट्रॅक्टर कारखान्यातून विक्रेत्याकडे गेला की तो ‘विकला’ जातो. ग्राहकाची नोंदणी मात्र पुढे कधीतरी होते. म्हणून कंपन्यांचे मासिक आकडे आणि वाहनविक्रेत्यांच्या महासंघाचे (फाडा) नोंदणीवर आधारित आकडे यांत फरक दिसतो. हा फरक वाढणे म्हणजे विक्रेत्यांच्या आवारात माल साचणे होय.

देशांतर्गत विक्री २०१३–१४ मधील सुमारे ६.३४ लाखांवरून दोन लागोपाठच्या दुष्काळांनंतर २०१५–१६ मध्ये सुमारे ४.९४ लाखांवर घसरली. करोनाकाळात शेतीचे व्यवहार सुरू राहिल्याने २०२०–२१ मध्ये ती सुमारे ९ लाखांवर गेली, २०२२–२३ मध्ये सुमारे ९.४५ लाख झाली आणि पुढच्या वर्षी सुमारे ८.६७ लाखांवर उतरली. याच काळात अमेरिकेत मोटरहोम व कॅरॅव्हॅन या विरंगुळ्याच्या वाहनांचा बाजारही फुगला होता. मात्र २०२१ मधील सुमारे ६ लाखांवरून २०२३ मध्ये कारखान्यांतून विक्रेत्यांकडे गेलेली वाहने सुमारे ३.१३ लाखांवर आली. दोन्हीकडे वाहने कर्जाने घेतली जातात आणि साठा विक्रेत्याच्या माथी असतो. परंतु विरंगुळ्याचे वाहन घेणे लांबणीवर टाकता येते. मशागत आणि वाहतूक टाकता येत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरची घसरण तुलनेने सौम्य राहिली.

महापूर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. अनेक दिवस बुडालेल्या उसाचा शेंडा कुजतो, वजन आणि उतारा घटतो. पूर पावसाळ्यात येतो आणि त्याचा आर्थिक फटका हिवाळ्यातील बिलात दिसतो. दुष्काळाचे वर्ष तालुक्याबाहेर विक्री पाडते, तर पुराचे वर्ष येथे. पुरानंतर विक्रीकेंद्रांत ग्राहक कमी आणि कार्यशाळेत पाणी शिरलेली इंजिने जास्त, असे चित्र असते.

शासकीय धोरण आणि अलीकडील बदल

कृषी यांत्रिकीकरण योजनेतून ट्रॅक्टरसाठी अनुसूचित जाती-जमाती, महिला व अल्प-अत्यल्प भूधारकांना इतरांपेक्षा जास्त अनुदान मिळते. महाडीबीटी संकेतस्थळावर सोडत पद्धत असताना सोडतीत नाव लागेपर्यंत थांबण्याची प्रवृत्ती होती, त्यामुळे योजना खरेदीला चालना देत असे, तशी ती लांबवतही असे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कठोर निकष लागू झाले व मोठ्या ट्रॅक्टरांच्या किमती वाढल्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. करकपातीची घोषणा १५ ऑगस्टला झाली असल्याने मधल्या काळात ग्राहक थांबले आणि ती मागणी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत एकवटली.

मजूरटंचाईवर उपाय म्हणून राज्य शासनाने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आणली. यंत्राने तोडलेला ऊस शेतातूनच उचलावा लागतो, त्यासाठी वेगळ्या ट्रॉल्या आणि जादा ताकदीचे ट्रॅक्टर लागतात. शिरोळमधील लहान आणि पूरक्षेत्रात ओलसर राहणाऱ्या शेतांत अशी यंत्रे वळवणे अवघड जाते. तेथील तोड अजूनही मोठ्या प्रमाणात कोयत्यावर अवलंबून आहे.