पावसाचा हिशेब : एका गुणाकारापासून संगणकापर्यंत

समजा, आपल्या शाळेचे मैदान एक हेक्टर आहे आणि त्यावर तासाला २५ मिलिमीटर या वेगाने पाऊस पडतो आहे. त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरले, तर मैदानाकडेच्या गटारात किती पाणी येईल? आठवीचा विद्यार्थीही सांगेल : तासाला १२५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ लीटर. हा हिशेब वरवर किरकोळ वाटतो. पण मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था नेमक्या याच दोन आकड्यांवर आधारलेली होती : तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा गटारात. हा हिशेब आला कुठून आणि तो अपुरा का पडला, हे पाहू.

आयर्लंडमधील अभियंता थॉमस मल्व्हनी याने १८५१ मध्ये एक साधी पण मोलाची गोष्ट मांडली. एखाद्या क्षेत्राच्या तोंडाशी सर्वांत मोठा प्रवाह केव्हा येतो? सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी तिथवर येऊन पोचते तेव्हा. म्हणून तेवढ्या वेळात पाऊस किती जोराचा होता हे महत्त्वाचे. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात एमिल कुइक्लिंग याने १८८९ मध्ये हीच कल्पना शहरी गटारांना लावली. पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि एक गुणांक यांचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. जमिनीत सगळे मुरले तर गुणांक शून्य, काहीच मुरले नाही तर एक.

या सूत्रात तीन गृहीतके दडलेली आहेत. पाऊस सर्वत्र सारखा पडतो. जमीन पुढेही आज आहे तशीच राहणार. आणि गटाराचे तोंड नेहमी मोकळे असते. शिवाय सूत्र फक्त सर्वांत मोठा प्रवाह सांगते. गटार भरून वाहू लागले तर पाणी कुठे जाईल, किती वेळ साचेल, यावर ते काहीच सांगत नाही.

वाहत्या पाण्याची खोली आणि वेग क्षणाक्षणाला कसे बदलतात याची समीकरणे फ्रान्समधील सँ-व्हनाँ याने १८७१ मध्येच मांडली होती. पण शेकडो फाटे असलेल्या गटारांच्या जाळ्यासाठी ती हाताने सोडवणे अशक्यच होते. त्यासाठी संगणकाची वाट पाहावी लागली. ब्रिटनच्या रस्ता संशोधन प्रयोगशाळेतील वॉटकिन्स यांनी १९६२ मध्ये, पावसाबरोबर प्रवाह कसा चढतो व उतरतो याचा आलेख संगणकाने काढण्याची पद्धत दिली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी १९६९ ते १९७१ या काळात ‘स्वम’ ही आज्ञावली तयार झाली. मोठ्या पावसात सांडपाणी आणि पावसाचे पाणी मिसळून नद्यांत जात असे; त्याचा अभ्यास करणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. ती सर्वांना मोफत मिळते आणि आजही वापरात आहे.

पुढचे पाऊल समुद्रकाठच्या सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी १९७३ मध्ये पडले. सँ-व्हनाँची पूर्ण समीकरणे सोडवणारे प्रतिमान तिथे तयार झाले. त्यामुळे पुढचे पाणी मागच्या पाण्याला कसे अडवते, भरतीच्या वेळी गटार कसे तुंबते, हे गणितात आणता आले. मात्र मॅनहोलमधून बाहेर उसळलेले पाणी या प्रतिमानाच्या लेखी नाहीसे होई. वस्तुतः त्याच पाण्यात माणसे सापडतात. रस्त्यांवरून वाहणारे पाणी आणि जमिनीखालची गटारे यांचे गणित एकत्र जोडणारी प्रतिमाने पुढच्या दशकांत आली.

आता मुंबईकडे वळू. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरून व्यवस्था वाढवावी, असे सुचवले होते. काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एका तासात तर १९० मिलिमीटर. त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. चारशेहून अधिक मुंबईकर दगावले. आपल्या मैदानाचा हिशेब पुन्हा करू. काँक्रीटमुळे काहीच मुरत नाही असे धरले, तर १९० मिलिमीटरला तासाला १,९०० घनमीटर पाणी होते, आधीच्या पंधरापट. इतके पाणी वाहून नेणारे गटार कोणीही बांधू शकत नाही. पण ते कुठे आणि केव्हा साचेल, हे आधी सांगता येऊ शकते.

त्यासाठी प्रतिमानाला मोजमापे लागतात. त्या दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. हवामान खात्याच्या मुंबईतील वेधशाळा होत्या या दोनच, त्यामुळे मधल्या भागात घटकेघटकेला काय चालले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणजे गणित तयार होते, संगणकही होते. नव्हती ती मोजमापे. त्यानंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले, आणि जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी, जमिनीचा चढउतार आणि गटारांची क्षमता एकत्र धरून ती विभागवार इशारा देते.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. शाळेत पर्जन्यमापक असेल तर त्याची नोंद दिवसातून एकदा न घेता, जोराच्या पावसात दर पंधरा मिनिटांनी घ्या. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस सावकाश पडला तर तासाला चारच मिलिमीटर होतात. तोच पाऊस दोन तासांत कोसळला तर पन्नास. दिवसाची बेरीज दोन्ही वेळा सारखीच येते, पण गटार तुंबते एकदाच. कोणत्या दिवशी, हे विद्यार्थ्यांनाच ओळखू द्या.