ठाण्यातील तलाव व ऐतिहासिक स्थळे

ठाणे हे ठाणे जिल्ह्याचे मुख्यालय असून साष्टी बेटाच्या ईशान्य भागात खाडीकाठी वसलेले आहे. 'तलावांचे शहर' ही त्याची जुनी ओळख. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील विठ्ठलवाडी स्थानकापासून ठाणे सुमारे २२ किलोमीटर अंतरावर आहे. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथून लोकलने थेट येता येते. या परिसराचे ठाण्याशी नाते रेल्वेपेक्षा बरेच जुने आहे. अंबरनाथचे शके ९८२ (इ.स. १०६०) मधील शिवालय ज्या उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात उभे राहिले, त्यांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक या नावाने येणारे नगर म्हणजेच आजचे ठाणे होय.

== इतिहास ==

ठाण्याच्या किल्ल्याजवळ १७८७ मध्ये खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ (इ.स. १०१७) चा ताम्रपट सापडला. शहराच्या प्राचीनत्वाचा हा महत्त्वाचा लेखी पुरावा आहे. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात 'ताना' या राज्याचा उल्लेख येतो. १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारकांना ठार करण्यात आले व त्यांच्या अस्थी पुढे ओदोरिक या प्रवाशाने चीनकडे नेल्या. त्यावरून येथील बंदराचे दूरदेशांशी असलेले दळणवळण लक्षात येते.

सोळाव्या शतकात ठाणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्यांनी अठराव्या शतकात बांधावयास घेतलेला किल्ला पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणे जिंकले. १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सप्टेंबर १८१६ मध्ये तो निसटला. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याची निगा राखत मराठीत गाणे म्हणे आणि त्यातून सुटकेचा बेत त्रिंबकजीला कळवी, अशी हकीकत बिशप हेबर याने नोंदवली आहे. पहारेकरी युरोपीय असल्याने त्यांना त्यातले अक्षरही समजत नसे. किल्ल्याचे पुढे कारागृह झाले. राघोजी भांगरे (१८४८) आणि जॅक्सन वधाच्या खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे (१९ एप्रिल १९१०) यांना येथेच फाशी देण्यात आले. आजही येथे मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे किल्ला पर्यटकांना इतर किल्ल्यांप्रमाणे मोकळेपणी पाहता येत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली भारतातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला.

== मासुंदा तलाव व परिसर ==

रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, पायी जाण्याजोग्या अंतरावर मासुंदा तलाव आहे. ठाणेकर या भागाला 'तलावपाळी' म्हणतात. नौकाविहार आणि संध्याकाळची गर्दी यांसाठी तो प्रसिद्ध असला, तरी केवळ तेवढ्यासाठी येणारा पाहुणा त्याच्या काठावरील बरेच काही पाहावयाचे राहून जातो. जवळच कौपीनेश्वराचे मंदिर आहे. मूळ स्थान शिलाहारकालीन मानले जाते. १७६० मध्ये मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मंदिर पुन्हा बांधले व १८७९ मध्ये नागरिकांनी त्याचा जीर्णोद्धार केला. येथील भव्य शिवलिंग महाराष्ट्रातील मोठ्या लिंगांपैकी एक आहे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा प्रारंभ येथूनच होतो. देऊळ आणि पाणी यांच्यामध्ये आज रहदारीचा रस्ता आहे. काठावरील देवळाची मूळची शोभा त्यामुळे कल्पनेनेच पाहावी लागते.

तलावाच्याच परिसरात पोर्तुगीज परंपरेचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि १९७८ मध्ये सुरू झालेले गडकरी रंगायतन आहे. बेने इस्रायल समाजाचे 'शआर हाशमायिम' हे प्रार्थनास्थळ १८७९ मधील आहे. वाचकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १ जून १८९३) चुकवू नये. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांचा त्याच्या स्थापनेत मोठा वाटा होता.

== इतर तलाव ==

येऊरच्या डोंगरपायथ्याचा उपवन तलाव निसर्गदृष्ट्या सर्वांत रम्य आहे. महापालिका मुख्यालयाजवळचा कचराळी तलाव सकाळी फिरणाऱ्यांचा. सिद्धेश्वर, आंबे घोसाळे, मखमली, ब्रह्माळा, रेवाळे, रायलादेवी, कासारवडवली, कावेसर ही आणखी काही नावे.

== सद्यःस्थिती ==

ठाण्यात पूर्वी साठाहून अधिक तळी होती, असे सांगितले जाते. आज त्यांची संख्या पस्तीसच्या आसपास मोजली जाते. वाढत्या वस्तीत काही बुजली, काही आक्रसली. ही तळी पावसाचे पाणी साठवीत आणि आसपासच्या विहिरींना पाझर देत. नळाचे पाणी आल्यावर त्यांची गरज संपली असे वाटू लागले आणि दुर्लक्षाला तेथून सुरुवात झाली. सांडपाणी, निर्माल्य व मूर्तींचे प्लास्टर यांमुळे पाण्यातील प्राणवायू कमी होऊन मासे मरण्याच्या घटनाही घडल्या आहेत. गणेश विसर्जनासाठी कृत्रिम तलाव उभारण्याची प्रथा ठाण्यात तुलनेने लवकर रुजली. मात्र काठांचे सुशोभीकरण करताना बांधलेल्या सिमेंटच्या भिंतींमुळे पाणी आत येण्याच्या नैसर्गिक वाटा अडतात, हा आक्षेप पर्यावरण अभ्यासकांकडून घेतला जातो.

== भेटीसाठी ==

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मासुंदा व त्याभोवतीची स्थळे पायी अर्ध्या दिवसात पाहून होतात. उपवनास बस किंवा रिक्षाने जावे. विठ्ठलवाडीकडून येणाऱ्यांनी त्याच दिवशी अंबरनाथचे शिवालयही पाहिल्यास शिलाहारकालीन शिल्पकलेची खरी कल्पना येते, कारण ठाण्यात त्या काळातील एवढी सलग वास्तू उरलेली नाही.