सम्राट तिसरा फ्रेडरिक याचे आजारपण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जर्मनीच्या इतिहासात १८८८ हे वर्ष ‘तीन सम्राटांचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. त्यांपैकी मधला, तिसरा फ्रेडरिक, केवळ ९९ दिवस सिंहासनावर होता. उदारमतवादी विचारांचा हा सम्राट दीर्घायुषी झाला असता तर जर्मनीला निराळे वळण लागले असते काय, याची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. तो मुळात सम्राटपदापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

जानेवारी १८८७ मध्ये युवराज फ्रेडरिकचा आवाज बसला. मार्चमध्ये प्रा. गेरहार्ट यांना डाव्या स्वररज्जूवर लहानशी गाठ आढळली. ती जाळूनही पुन्हा वाढली, तेव्हा शल्यविशारद बर्गमन यांनी शस्त्रक्रिया सुचविली. परंतु मे महिन्यात लंडनहून आलेले मॉरेल मॅकेन्झी यांनी गाठीचा तुकडा काढून तपासणीस दिला. त्यात विर्चो यांना कर्करोग दिसला नाही आणि शस्त्रक्रिया रहित झाली. याचा दोष विर्चो यांना देणे अन्यायाचे होईल. हाती आलेल्या तुकड्यापुरतेच त्यांचे मत होते. नोव्हेंबरमध्ये सॅन रेमो येथे कर्करोगाचे निदान झाले. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्यास फ्रेडरिकने नकार दिला.

स्वरयंत्रातील कर्करोग पसरतो तसा श्वासमार्ग अरुंद होत जातो. रुग्ण बराच काळ कसाबसा तग धरतो. मग थोडी सूज किंवा साचलेला कफही मार्ग बंद करण्यास पुरेसा ठरतो आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी युवराज या अवस्थेच्या उंबरठ्यावर होता. बर्गमन यांचे सहायक ब्रामन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविली. बरोबर एका महिन्याने, ९ मार्च रोजी, वृद्ध सम्राट पहिला विल्हेल्म निवर्तला. ही नळी नसती तर फ्रेडरिक बहुधा पित्याआधीच गुदमरून मरण पावला असता आणि राज्य आजोबांकडून थेट नातवाकडे गेले असते.

नळीने श्वास राखला, पण वाणी परत दिली नाही. नवा सम्राट चिठ्ठ्या लिहून कारभार पाहत असे. प्रतिगामी गृहमंत्री पुटकामर यांना त्याने ८ जून रोजी पदावरून दूर केले, ही त्याच्या राजवटीतील बहुधा एकमेव ठळक राजकीय कृती होय. १५ जून रोजी पॉट्सडॅम येथे त्याचे निधन झाले. शवविच्छेदनात स्वरयंत्र कर्करोगाने नष्ट झालेले आणि फुफ्फुसांत न्यूमोनिया आढळला.