कराची–मुंबई : सव्वासात तासांचे अंतर

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक लहानसे एकइंजिनी ‘पस मॉथ’ विमान उडाले. चालक होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या.

हे टपाल लंडनहून आले होते. १९२९ पासून ‘इम्पीरियल एअरवेज’ लंडनची पत्रे कराचीपर्यंत हवेतून आणत असे; मुंबईकडे त्यांचा पुढचा प्रवास मात्र जमिनीवरून किंवा समुद्रावरून होई. टाटांची सेवा हीच उरलेली वाट कापण्यासाठी होती. (या उड्डाणाला ‘भारतातील पहिले हवाई टपाल’ म्हणण्याची प्रथा आहे, ती चूक. तो मान १९११ च्या अलाहाबाद–नैनी उड्डाणाचा.)

कराची ते मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे मुंबई–दिल्लीपेक्षाही कमी. पण पस मॉथच्या टाकीत तेवढे इंधन मावत नसल्याने अहमदाबादला उतरणे भाग होते. तेथे पेट्रोल आले ते चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर लादून! आकाशात ना रेडिओची सोबत होती, ना दिशादर्शक यंत्रणेची. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर टेकले. पावसाळ्यात हीच धावपट्टी चिखलात जाई आणि सेवेला पुण्याचा आसरा घ्यावा लागे. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले.

एकूण वेळ सव्वासात तास.

या प्रवासातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही ठिकाणे त्या दिवशी एकाच प्रांतात होती. १८४७ पासून सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ रोजी. कराचीकरांच्या दृष्टीने मुंबई ही प्रांताची राजधानी होती. कराचीतील एक जुनी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, ती याच काळाची खूण. थोडक्यात, १९३२ चे ते उड्डाण इलाख्यातल्या दोन बंदरांमधले होते. त्याला आंतरराष्ट्रीय ठरवले ते पंधरा वर्षांनंतरच्या फाळणीने.

पुढे विमाने वेगवान झाली, पण वाट अरुंद होत गेली. १९७१ च्या युद्धानंतर तुटलेला हवाई संपर्क १९७६ मध्ये पुन्हा जोडला गेला. त्यामुळेच १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, ७८ वर्षांचे जे. आर. डी. ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून कराचीहून मुंबईला पुन्हा एकट्याने येऊ शकले.

आज या दोन शहरांत थेट विमान नाही. एप्रिल २०२५ पासून तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले आहे. जेट विमानाला जेमतेम दीड तास लागावा असा हा मार्ग. प्रवाशाला मात्र आधी पश्चिमेकडे दुबई गाठावी लागते : कराची–दुबई सुमारे दोन तास, दुबई–मुंबई सुमारे तीन. दुबईतील मुक्काम सव्वादोन तासांहून लांबला, की बैलगाडीवरच्या पेट्रोलवर उडालेले ते लाकूड-कापडाच्या पंखांचे विमान आजच्या प्रवाशाच्या आधी मुंबईत पोहोचलेले असते.