मैदानाचं दार : मॉस्को १९८० आणि महिला हॉकी

आज आपण एका स्पर्धेकडे पाहणार आहोत. १९८० सालच्या मॉस्को ऑलिंपिकमधली महिला हॉकी. पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९०८ साली. महिलांची यायला आणखी ७२ वर्षं लागली. या मधल्या काळात बायका खेळत नव्हत्या असं मुळीच नाही. त्यांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना १९२७ पासून होती. १९७४ साली फ्रान्समध्ये महिलांचा विश्वचषक झाला, त्यात आपला भारत चौथा आला होता. म्हणजे खेळ होता, खेळाडू होत्या, फक्त दार बंद होतं.

आणि दार उघडलं ते नेमकं बहिष्काराच्या वर्षी! सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक देशांनी मॉस्कोकडे पाठ फिरवली. १९७८ चा विश्वविजेता नेदरलँड्स आणि उपविजेता पश्चिम जर्मनी, दोन्ही संघ आले नाहीत. रिकाम्या जागा भरायच्या म्हणून निमंत्रणं गेली. झिंबाब्वेला ते मिळालं स्पर्धेच्या जेमतेम काही आठवडे आधी.

झिंबाब्वे हा देशच मुळात तेव्हा तीन महिन्यांचा होता. १८ एप्रिल १९८० ला तो स्वतंत्र झाला. त्याआधी ऱ्होडेशिया म्हणून तिथल्या गोऱ्या राजवटीवर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधून तर ऱ्होडेशियाला ऐनवेळी बाहेर काढलं होतं. घाईघाईने जमवलेल्या या मुली कृत्रिम मैदानावर पूर्वी कधी खेळल्या नव्हत्या. कर्णधार होत्या ॲन ग्रँट, पुढे भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षक झालेल्या डंकन फ्लेचर यांच्या भगिनी.

संघ एकूण सहा, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. झिंबाब्वेने तीन सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. गुण पाहा : झिंबाब्वे ८, चेकोस्लोव्हाकिया ७, सोव्हिएत संघ ६, भारत ५, ऑस्ट्रिया ४. पोलंड शून्यावर. रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखालचा आपला संघ पदकापासून एका गुणाने मागे राहिला. त्यात आपल्या पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या, रेखा मुंडफन होत्या. आणि विजेत्या झिंबाब्वेला आपण १-१ असं रोखलं होतं, हेही विसरू नका.

आता प्रश्न असा, की दादा संघ आलेच नाहीत, तर हे सुवर्ण खोटं म्हणायचं का? ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात ऑलिंपिकचंच उदाहरण देतो. त्याचा मुद्दा असा, की मुकुट सर्वांत बलवान माणसाला मिळत नाही, जे प्रत्यक्ष स्पर्धेत उतरतात त्यांच्यातल्याच कुणाला तरी मिळतो. सद्गुण अंगी असणं वेगळं आणि तो कृतीत उतरणं वेगळं. या न्यायाने झिंबाब्वेचं पदक शंभर नंबरी खरं आहे. 'ते आले असते तर' या वाक्याने गोल होत नाही.

पण इथेच थांबलो तर आपण अर्धंच बोललो. उतरेल त्याला मुकुट, कबूल. पण उतरू कोणाला दिलं जातं? नेदरलँड्सच्या मुली घरी राहिल्या त्या राजकारणामुळे. आणि झिंबाब्वेच्या त्या संघात एकही कृष्णवर्णीय मुलगी नव्हती. नुकतंच बहुसंख्य काळ्या जनतेचं राज्य आलेल्या देशाचं पहिलं सुवर्ण संपूर्ण गोऱ्या संघाने आणलं! यात त्या खेळाडूंचा दोष नाही. हॉकी पिढ्यान्पिढ्या गोऱ्यांच्या शाळांत आणि क्लबांत वाढली, त्याचा हा हिशेब आहे. निवड समिती बसते त्याच्या किती आधी निवड झालेली असते, बघा.

आपल्याकडे पाहा. त्याच मॉस्कोत आपल्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं, ते सगळ्यांच्या तोंडी आहे. मुलींचं चौथं स्थान किती जणांना ठाऊक असतं? १९८२ च्या आशियाई स्पर्धेत एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सुवर्ण आणलं. तरीही ऑलिंपिकमध्ये आपला महिला संघ पुन्हा दिसला तो थेट २०१६ साली, रिओला. छत्तीस वर्षांनी. आणि टोकियोत पुन्हा चौथा.

म्हणून पदकांचा तक्ता वाचताना एक सवय लावून घ्या. कोण जिंकलं हे जरूर पाहा. पण त्या मैदानाच्या दारापर्यंत कोण पोचलं आणि कोण पोचूच शकलं नाही, हेही विचारा. जिंकणाऱ्याचं श्रेय त्याने तसूभरही कमी होत नाही. आपली समज मात्र वाढते.